मृगाच्या आधी पिकेल ते जांभूळ

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत फळझाडे विकणारे पुष्कळ झाले आहेत. फळझाडांची पारख करून देणारा एकही नाही. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे, आणि तो कोणाला रुचो न रुचो, मी इथे पूर्ण मांडणार आहे.

मे महिना लागला की टोकावड्यापासून किन्हवलीपर्यंत रोपांचे टेम्पो फिरू लागतात. पिशवीवर रंगीत चित्र, चित्राखाली जातीचे नाव, नावापुढे किंमत. एखाद्या वर्षी ड्रॅगन फ्रूटची लाट असते, पुढे अॅव्होकॅडोची येते, मग कमी थंडीत येणाऱ्या हिमाचली सफरचंदाची. विकणारा एकरी उत्पन्न लाखांत सांगतो. त्याला विचारा, की हे झाड मुरमाड वरकस जमिनीवर, चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलून, दहा वर्षे उभे राहिलेले कुठे पाहायला मिळेल? तो सोलापूरचा पत्ता देतो. सोलापुरात वर्षभरात जेवढा पाऊस होतो तेवढा आमच्याकडे एकट्या जुलैत कोसळतो. ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्या कुळातले आहे, त्याच्या मुळांशी पाणी साचून चालत नाही. सिमेंटचे खांब, त्यावरची कडी, ठिबक, एवढा खर्च सांगोल्याच्या माळावर वसूल होत असेल. आमच्याकडे शेतकरी श्रावणात कुजलेल्या फांद्या कापत बसतो आणि कर्जाचा हप्ता भातातून फेडतो.

तरीही बाहेरचे पीक कोणी हौसेने लावत असेल तर लावो. माझे भांडण घराच्या जवळचे आहे. जांभूळ हे आमच्या मातीतले फळ. बांधावर, ओढ्याकाठी, देवराईत, पाड्याच्या मागे ते आपोआप उभे आहे. आता जांभळाचीही कलमे विकायला येऊ लागली. मधुमेहाच्या धास्तीने शहरात मागणी वाढली, भाव चढले आणि रोपवाल्यांना नवा माल सापडला. पिशव्यांवर ‘जम्बो’, ‘सीडलेस’, ‘बहाडोली’ अशी नावे आली. आमच्या गावाशेजारी एकाने ‘बहाडोली’ म्हणून आणलेल्या रोपांना जेव्हा पहिल्यांदा फळ धरले, तेव्हा ती निघाली लेंडी जांभळे: बोटाच्या पेराएवढी, नुसती बी आणि तुरट साल. त्याची जमीन गेली नाही, पैसेही फार गेले नाहीत. त्याची वर्षे गेली. फळबागेत जातीची फसवणूक झाली की ती कळेपर्यंत मूल पहिलीतून सातवीत जाते.

अशी फसवणूक करणे सोपे का जाते तेही सांगतो. जांभळाच्या एका बीतून पुष्कळदा एकाहून अधिक कोंब फुटतात आणि त्यातले काही आईच्या झाडासारखे निघतात. याचाच आधार घेऊन बीपासूनचे रोप कलमाच्या भावात खपवले जाते. बीचे झाड फळाला यायला आठ-दहा वर्षे लावते, मृदुकाष्ठ कलम चार-पाच वर्षांत फळ दाखवते. घेणाऱ्याने कलमाचा सांधा बोटाने चाचपून पाहिला पाहिजे, आणि ज्या झाडाची काडी त्यावर बांधली तो मातृवृक्ष कुठे आहे हे विचारले पाहिजे. सांगता येत नसेल तर ते रोप दारातूनच परत पाठवावे, मग ते कितीही हिरवेगार असो.

आता जातींचे बघू. कागदावर तीन संस्थांच्या जाती मोठ्या आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पालघर तालुक्यातल्या बहाडोली गावच्या झाडांतून निवडलेली ‘कोकण बहाडोली’. गोध्र्याजवळच्या वेजलपूर येथील केंद्रीय बागायती प्रयोग केंद्राने दिलेली ‘गोमा प्रियंका’. आणि लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेचे वाण: बी जवळजवळ नसलेले ‘जे-४२’ आणि भरपूर गराचे ‘जामवंत’. तिन्ही संस्थांनी आपापल्या जागी प्रामाणिक काम केले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांचे आकडे उचलून मुरबाडच्या माथी मारणाऱ्यांबद्दल.

कारण जांभळाच्या जातीला आमच्याकडे पहिला प्रश्न वजनाचा नाही, गोडीचा नाही, गराच्या टक्केवारीचाही नाही. पहिला प्रश्न असा, की ते मृगाच्या आधी पिकते का?

उत्तर प्रदेशात जांभूळ जून-जुलैत पिकते. तिथे पाऊस जूनच्या उत्तरार्धात पोचतो. आमच्याकडे जूनचा दुसरा आठवडा आला की सह्याद्रीच्या पायथ्याला पाऊस धरतो, आणि एकदा धरला की पिकलेले जांभूळ झाडावर राहत नाही. फळ चिरते, गळते, चिखलात पडून त्याचा राडा होतो. ओल्या फांदीवर कोणी शहाणा माणूस चढत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात जे हाती लागते त्याचे पैसे होतात, पंधरा जूनला जे पिकते ते डुकरांचे. पंधरा दिवस लवकर येणारे मध्यम फळ इथे उशिरा येणाऱ्या मोठ्या फळाला सहज हरवते. लखनौच्या कोष्टकात हे दिसणार नाही. गोध्र्याच्या कोष्टकातही नाही, कारण ते कमी पावसाच्या कोरडवाहू मुलखासाठी केलेले काम आहे. ‘कोकण बहाडोली’ आपल्या कोकणातलीच, तिच्याकडून आशा ठेवायला जागा आहे, फळ मोठे आणि घोसाने येणारे आहे. पण बहाडोली सखल भागातले गाव आणि आमचे काही पाडे माळशेजच्या आणि माहुलीच्या पायथ्याला. रात्रीची थंडी वेगळी, माती वेगळी, मोहोर येण्याची वेळ वेगळी. ती इथे कोणत्या आठवड्यात पिकते हे इथे लावून, लिहून, ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

भाताच्या बाबतीत हे आमच्या आजोबांनाही कळत होते. हळवे, निमगरवे, गरवे असे विचारल्याशिवाय ठाण्यातला शेतकरी बी घेत नाही. उंचावरच्या खाचरात हळवे, पाणी धरून राहणाऱ्या खाचरात गरवे. कर्जतच्या संशोधन केंद्राने भाताच्या जाती ओळीने लावून, दिवस मोजून, उतारा मोजून दिल्या, म्हणून ‘कर्जत-३’ किती दिवसांत येते हे मुरबाडच्या बाजारात दुकानदारही सांगू शकतो. तोच दुकानदार जांभळाच्या रोपाबद्दल चित्रावर लिहिलेले वाचून दाखवतो. भात चार महिन्यांचे पीक, चुकले तर पुढच्या वर्षी सुधारता येते. जांभूळ पन्नास वर्षांहून जास्त उभे राहते. ज्याची चूक चार महिन्यांत निस्तरता येते त्याची तुलना काटेकोर, आणि ज्याची चूक नातवापर्यंत पोचते त्याची तुलना शून्य. हा कारभार कोणत्या शहाणपणाचा?

जातींची तुलना म्हणजे काय असते ते पाहायचे तर अमेरिकेतल्या पॉपॉ या फळाकडे पाहा. आपल्या सीताफळाच्या कुळातले, ओहायो-केंटकीच्या रानात ओढ्याकाठी वाढणारे, आत केळ्या-आंब्याच्या चवीचा पिवळा मऊ गर. फळ पिकले की घरात दोन-तीन दिवस टिकते, पुढे काळे पडते. सगळ्या बाबतीत आमच्या जांभळासारखेच दुर्लक्षित: रानात फुकट मिळते, म्हणून कोणी किंमत करत नाही. १९१६ साली अमेरिकन जेनेटिक असोसिएशन या संस्थेने जाहीर केले, की देशातल्या सगळ्यात चांगल्या पॉपॉच्या झाडाला बक्षीस देऊ, आपल्या रानातल्या झाडाची फळे पाठवा. लोकांनी डब्यांतून फळे पाठवली. ओहायोतल्या एका बाईंच्या झाडाला पहिला मान मिळाला आणि त्या झाडाला त्यांचेच आडनाव मिळाले. रानातल्या शेकडो झाडांतून चांगले झाड शोधण्याचा इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक मार्ग दुसरा नाही.

पुढे अनेक वर्षे ते काम मागे पडले. १९७०-८० च्या काळात नील पीटरसन नावाच्या माणसाने ते पुन्हा हाती घेतले. जुन्या संग्रहांतली उरलीसुरली झाडे शोधून त्यांच्या बिया मिळवल्या, मेरीलँडच्या संशोधन केंद्रांवर शेकडोंनी रोपे लावली, वर्षानुवर्षे चाखली, मोजली आणि त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निवडली. शेनांडोह, सस्क्वेहाना, पोटोमॅक अशी नद्यांची नावे त्या जातींना दिली. केंटकी राज्य विद्यापीठाने १९९० पासून पॉपॉवर काम सुरू केले. हे बडे, गडगंज विद्यापीठ नाही. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८८६ मध्ये स्थापन झालेली ती संस्था आहे. आज देशाचा पॉपॉचा वाणसंग्रह तिच्याकडे आहे. त्याच जातींची कलमे वेगवेगळ्या राज्यांत लावून, कुठे कोणती टिकते, केव्हा पिकते, फळ किती, बी किती, हे त्यांनी नोंदवले. २००९ मध्ये त्यांनी ‘अॅटवुड’ ही स्वतःची पहिली जात दिली. तिथला शेतकरी आज पॉपॉचे कलम घेतो तेव्हा त्याला आपल्या भागात ती जात कशी वागली हे छापील वाचायला मिळते. फळ तितकेच नाशवंत, बाजार आमच्यापेक्षा लांब, तरी त्यांनी तुलना आधी केली आणि विक्री नंतर.

आणि हे महाराष्ट्राला परके आहे असे कोणी म्हणू नये. द्राक्षाची ‘तास-ए-गणेश’ तासगावकडच्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी आपल्या मळ्यातून वेगळी काढली. ‘सोनाका’ सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी. सीताफळाची ‘एनएमके-१ गोल्डन’ बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी, झाडामागून झाड चाखत. एक शेतकरी आपल्या मळ्यात उभा राहून हे करू शकतो, तर दोन तालुक्यांतले हजारो पिढीजात जांभूळवाले, एक विद्यापीठ आणि कृषी खाते मिळून का करू शकत नाहीत?

शोध कुठे घ्यायचा हेही कोणाला सांगायला नको. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव या स्टेशनांवर मेअखेरीला पहाटेची लोकल पाहा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बाया पाट्या घेऊन उभ्या असतात. वर पळसाची पाने, खाली जांभूळ. कल्याणला, ठाण्याला उतरून द्रोणाने विकतात. कोणते झाड कधी पिकते, कोणत्याची साल प्रवासात फुटत नाही, कोणते जीभ जास्त रंगवते, कोणते एक वर्ष आड फळते, हे त्या बायांना पक्के ठाऊक आहे. त्यांच्यातल्या कोणत्याही म्हातारीला विचारा, मावशी, सगळ्यात आधी कुठलं पिकतं? ती पाड्याचे नाव घेईल, बांध सांगेल, झाडाच्या मागचा दगड सांगेल. ही माहिती एखाद्या शास्त्रज्ञाने गोळा करायची म्हटली तर वर्षे जातील. ती आज तयार आहे आणि तिला कोणी कागदावर घेत नाही, कारण ती सांगणारीच्या नावावर सातबारा नाही.

याच ठिकाणी मला सगळ्यात जास्त चीड येते. जांभूळ झाडावरून उतरवणारा गडी बहुतेक वेळा भूमिहीन कातकरी असतो. जांभळाचे लाकूड टणक असले तरी फांदी दगाबाज, भार पडला की पूर्वसूचना न देता तडकते. बहाडोलीकडे बांबूची परांची बांधून फळ काढतात. आमच्याकडे दोरही नसतो. हा गडी पडला तर? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख रुपये आहेत, पण ती योजना सातबारावरच्या खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. झाडावर चढलेला माणूस त्यात बसत नाही. फळ खाणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि झाडाच्या मालकाला सगळे संरक्षण, आणि पन्नास फुटांवर लटकलेल्याला काही नाही. हा अन्याय आहे आणि तो वर्षानुवर्षे उघड्या डोळ्यांनी चालू दिला जातो. म्हणून मी जातीच्या तुलनेत आणखी एक गोष्ट धरायला सांगतो: झाड किती बुटके ठेवता येते. पहिल्या तीन वर्षांत शेंडा खुडून, दरवर्षी फळ संपल्यावर छाटून झाड जमिनीवरून हात पोचेल असे राखता येते का, आणि छाटणीला कोणती जात जोमाने फुटते, हे वजनाइतकेच महत्त्वाचे आहे. ज्या जातीसाठी माणसाला मरणाच्या उंचीवर चढावे लागते, ती फळाने कितीही सरस असो, मला नको.

सरकारी योजनेकडे वळू. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि महाराष्ट्राचा चेहरा बदलला, हे खरे आहे. २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आहे. तिच्या सोळा फळपिकांत जांभूळ आहे. कोकणात दहा गुंठ्यांपासून लाभ घेता येतो आणि अनुदान तीन वर्षांत मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हप्ता मिळण्यासाठी कोरडवाहूत ऐंशी टक्के आणि बागायतीत नव्वद टक्के झाडे जगलेली दिसावी लागतात. झाड जगले की नाही हे अधिकारी येऊन मोजतो. काय जगले हे कोणी मोजत नाही. तीन वर्षांत अनुदान संपते, चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरते, आणि ते फळ सांगितलेल्या जातीचे आहे की नाही हे पाहायला खात्यातला एकही माणूस बांधावर येत नाही. रोपवाटिकेचे बिल आधीच निघालेले असते. ज्या योजनेत चुकीची जात देणाऱ्याला कधीच काही भरावे लागत नाही, तिथे चुकीची जात येतच राहणार. फळ धरल्यावर जात तपासा, ती खोटी निघाली तर रोपवाटिकेकडून वसुली करा आणि तिचा परवाना रद्द करा, ही अट आज घाला. पुढच्या हंगामात निम्मे टेम्पो आपोआप थांबतील.

कायद्याचेही तेच. झाडतोडीच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत साग, खैर, हिरडा, मोह यांच्यासोबत जांभूळ आहे. स्वतःच्या जमिनीतले जांभूळ तोडायला परवानगी लागते. मी या कायद्याच्या विरोधात नाही, जुने झाड वाचले पाहिजे. पण साठ वर्षे सरकारने जांभळाकडे फक्त लाकूड म्हणून पाहिले. कोणत्या झाडाला कोणते फळ येते याची एक वही कुठल्याही तालुका कार्यालयात नाही. मग शेतात मुंबईकराचे फार्म हाउस येते, समृद्धी महामार्गाने भाव वाढलेल्या जमिनीचे प्लॉट पडतात, आणि परवानगीने असो वा रातोरात असो, मेच्या पंचवीस तारखेला पिकणारे दुर्मीळ झाड पोकलेनखाली जाते. त्याची नोंद ‘जांभूळ, एक’ एवढीच. त्याच्या जागी जुलैमध्ये कुंपणाला शोभेचे ताडमाड लागतात.

भौगोलिक मानांकनाबद्दल दोन शब्द. २०२३ च्या अखेरीस बहाडोलीच्या आणि बदलापूरच्या जांभळाला ते मिळाले. इमारतींच्या गर्दीत उरलेली झाडे शोधून बदलापूरच्या लोकांनी त्यासाठी जी धडपड केली तिला माझा मनापासून नमस्कार. पण मानांकन मुलखाला मिळते, झाडाला नाही. एका मुलखात बीपासून वाढलेली शंभर झाडे शंभर तऱ्हेची असतात. त्यांतले कोणते कलम बांधायच्या लायकीचे, हा प्रश्न मानांकनानंतर सुरू होतो. मानांकन मिळाले म्हणून सत्कार घेऊन जे घरी गेले त्यांनी काम अर्धवट टाकले आहे.

कृषी खात्यातल्या लोकांकडे या तुलनेच्या मागणीला ठरलेली उत्तरे असतात. जांभूळ नाशवंत आहे, म्हणे. नाशवंत आहेच. पण मुरबाडहून कल्याण तासा-दीड तासाच्या रस्त्यावर आहे आणि आसनगावहून थेट लोकल आहे. एवढा जवळ एवढा मोठा बाजार महाराष्ट्रात किती नाशवंत फळांना मिळतो? नाशिकची द्राक्षे युरोपला जातात, आणि आमच्या जांभळाला ठाण्याला पोचवता येत नाही असे म्हणणाऱ्याने खुर्ची सोडावी. दुसरे उत्तर, वाट फार पाहावी लागते. आठ किंवा दहा मीटरवर लावलेल्या कलमांच्या मधल्या जागेत नागली, वरी, तूर निघते, आमचे लोक हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. तिसरे उत्तर, मनुष्यबळ नाही. त्याला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो मी स्वतःच पुढे ठेवतो. चांगले झाड सापडले की त्याची काडी कोण नेणार आणि नाव कोणाचे लागणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या लहानशा शेतात ‘एचएमटी’ भात निवडला. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याच भाताची शुद्ध केलेली जात ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून आणली. तो तांदूळ आज अर्ध्या विदर्भाच्या ताटात आहे. खोब्रागडे २०१८ च्या जूनमध्ये हलाखीत गेले. आमच्या पाड्यातल्या जांभळाचे असे झाले तर मी गप्प बसणार नाही. शेतकऱ्याने जपलेल्या वाणाला मान देणारा कायदा २००१ पासून देशात आहे. काडी कापण्याआधी ग्रामसभेचा ठराव, काडीमागे ठरलेली रक्कम आणि जातीला पाड्याचे नाव, या तीन गोष्टी लेखी झाल्याशिवाय कोणालाही झाडाला हात लावू देऊ नये, मग तो शास्त्रज्ञ असो की रोपवाला.

काय करायचे ते स्पष्ट आहे. येत्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुरबाडला आणि शहापूरला जांभळाची स्पर्धा भरवा. प्रत्येक पाड्याने आपल्या झाडाची शेरभर फळे आणावीत. फळ कोणत्या तारखेला पिकायला लागले हे आधी लिहा, वजन आणि गोडी नंतर मोजा. परीक्षक म्हणून विद्यापीठाचा एक माणूस आणि लोकलने कल्याणला जांभूळ विकणाऱ्या दोन बाया बसवा, आणि मत तिघांचेही सारखे धरा. निवडलेल्या झाडांना खिळा न मारता क्रमांक द्या. त्यांची कलमे आणि त्यांच्या शेजारी ‘कोकण बहाडोली’, ‘गोमा प्रियंका’, ‘जामवंत’, ‘जे-४२’ अशी एका ओळीत तीन ठिकाणी लावा: टोकावड्याकडे घाटाच्या पायथ्याला, किन्हवलीच्या पठारावर आणि खर्डीच्या माळावर. दरवर्षीचे आकडे मराठीत छापून तालुका कृषी कार्यालयाच्या बाहेर लावा, म्हणजे टेम्पोतून रोप घेण्याआधी शेतकरी तिथे जाऊन वाचेल. जागा लागते एकरभर, पाण्यासाठी पहिल्या दोन उन्हाळ्यांत टाकी. तानसा आणि भातसा ज्या तालुक्यात आहेत, जिथून मुंबईला पाणी जाते, त्या तालुक्यात एकरभर कलमांना पाणी मिळत नाही असे कोणी सांगू नये.

दापोलीने हे करावे, खात्याने करावे, आमची साथ आहे. त्यांनी या हंगामातही फाईल पुढे ढकलली, तर मातृवृक्षांची वही आम्ही गावोगाव फिरून भरू, कलमे आम्ही बांधू आणि ‘बहाडोली’च्या नावाने लेंडी जांभूळ विकणारा टेम्पो गावात शिरला तर रोपे उतरवण्याआधी त्याच्याकडून मातृवृक्षाचा पत्ता लेखी घेऊ.